सूर्यफूल टोळीची लाकडं

लाकडं आमची होती, हे पहिलेच सांगून ठेवते. मागून कोणी म्हणायले नको की सुभद्रानं दुसऱ्याचं जळण अडवलं. खाप्याजवळ कन्हान नदीच्या काठानं चार दिवस वाकून वाकून, हातात बाभळीचे काटे मोडून घेऊन आम्ही आठ पोरींनी ते गोळा केलं होतं.

सत्तर सालचा जानेवारी होता अन् मी नववीत होती. नागपुरातल्या आमच्या शाळेचं गाइडचं शिबिर नदीकाठच्या एका आमराईत लागलं होतं. बत्तीस पोरी, आठ-आठ जणींच्या चार टोळ्या. गाइडमध्ये टोळ्यांले फुलांची नावं असतात, तशी आमचीही होती, जाई, गुलाब, मोगरा अन् सूर्यफूल. मी सूर्यफुलाची टोळीनायिका. खिशावर दोन पांढऱ्या पट्ट्या लावल्या होत्या, अन् त्या पट्ट्यांचा मले इतका गर्व होता की पहिल्या दिवशी मी छाती काढून चालून राहिली होती.

शोभाताई आमच्या गाइडच्या बाई. वाईट नव्हत्या, हेही सांगून ठेवते. दोरीच्या गाठी त्यायनंच शिकवल्या, तंबू ठोकायले त्यायनंच शिकवलं, अन् मले टोळीनायिकाही त्यायनंच केलं. फक्त एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. सूर्यफूल टोळीत आम्ही आठही जणी बौद्ध. छप्पन्न साली माझ्या आईनं मले कडेवर घेऊन दीक्षा घेतली, आमच्याच टोळीतल्या कौसल्याची आई तं तेव्हा पोटुशी होती. आठ जणी एका टोळीत पडलो तं मले वाटलं, योगायोग असंल. चांगलंच झालं, सगळ्या मैत्रिणी सोबत. इतकी मी भोळी.

योगायोग कुठला, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आंब्याच्या बुंध्याले कामाचा तक्ता लटकवला होता. शिबिरातली रीत अशी की कामं रोज फिरतात. आज तुमच्याकडे पाणी तं उद्या स्वयंपाक, परवा लाकडं, तेरवा सफाई. पुस्तकातच तसं लिहिलेलं आहे अन् आम्ही ते पाठ केलं होतं. तक्त्यात बाकीच्या तीन टोळ्यांची कामं फिरून राहिली होती, पाणी, स्वयंपाक, भाज्या चिरणं. सूर्यफुलापुढं मात्र पहिल्या दिवशी लाकडं अन् सफाई, दुसऱ्या दिवशी लाकडं अन् सफाई, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच.

माझं डोकं फिरलं. तशीच गेली शोभाताईच्या तंबूत अन् विचारलं, की बाई, आमचं काम काहून नाही फिरत. त्या म्हणाल्या, तुमच्या टोळीला लाकडाची चांगली पारख आहे, तुझे वडील टालीवरच आहेत ना. होते. माझे बाबा, कवडू, गणपतरावांच्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, बारा वर्षांपासून लाकडं फोडायचे. अन् त्याच गणपतरावांची पोरगी जया, रामदासपेठेत बंगला असलेली, मोगरा टोळीची नायिका होती. मी म्हटलं, बाई, मंग जयाले तं माझ्याहून जास्त पारख पाहिजे, तिचे बाबा टालीचे मालक आहेत. शोभाताईनं शिट्टी वाजवली अन् कवायतीले निघून गेल्या.

संध्याकाळी त्यायनंच मले बाजूले बोलावलं. आवाज उतरलेला होता. म्हणाल्या, काही घरांतून मला विचारूनच मुली पाठवल्या आहेत, पाण्याला कोण शिवणार, स्वयंपाक कोण करणार. तंबूंना ट्रक गणपतरावांनी दिला. मी ऐकलं नसतं तर शिबिरच झालं नसतं, तू शहाणी आहेस, समजून घे. मी मान खाली घालून ऐकलं अन् मनात म्हटलं, समजून घ्यायचं काम माझ्या आजीनं जन्मभर केलं, आता मी कायले करू. पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही, अन् त्याचा राग मले अजून येते.

त्याच संध्याकाळी शेकोटीजवळ शोभाताईनं सगळ्यांपुढं जाहीर केलं की रोज सकाळी तपासणी होईल, गुण मिळतील, अन् जी टोळी पहिली येईल ती शेवटच्या दिवशी पालकांसाठी स्वयंपाक करून वाढंल. तो शिबिराचा सगळ्यात मोठा मान. कौसल्यानं माझ्याकडे पाह्यलं, मी कौसल्याकडे पाह्यलं. बाईंले वाटलं असंल, लाकडं अन् संडासाचे खड्डे सांभाळणाऱ्या पोरी कुठल्या पहिल्या येतात.

पहिलं यायचं, हे आम्ही तिथंच ठरवलं. मले मान नको होता. मले त्या चुलीपुढं बसायचं होतं, अन् सगळ्यांनी माझ्या हातचं खाल्लेलं पाह्यचं होतं.

मंग काय, जीव तोडून कामाले लागलो. लाकडाची पारख बाबांनी मले शिकवलीच होती. वाळलेलं लाकूड दुसऱ्या लाकडावर मारलं तं ठणठण वाजते, ओलं बद्द करते. आम्ही कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या वेगळ्या बांधल्या, बोटाएवढ्या काड्या वेगळ्या, मनगटाएवढी लाकडं वेगळी, ओंडके वेगळे. दवानं भिजू नये म्हून वरून ताडपत्री. बैलं चरतात त्या पडीतून रानगोवऱ्या वेचून आणल्या, दोन पोती. खड्डे असे खणले अन् असे झाकले की तपासणीले आलेल्या बाई नाकाले रुमाल लावायचं विसरल्या. इकडे मोगऱ्यानं पहिल्याच दिवशी भात जाळला, दुसऱ्या वेळी वरणात मीठ दोनदा पडलं, गुलाब टोळी भांडण करून दोन तंबूत वाटली गेली. शेवटच्या दिवशी सकाळी गुण वाचले तेव्हा सूर्यफूल पहिली, अन् दुसऱ्या नंबरावर आमच्यापासून कोसभर मागं मोगरा.

आम्ही नाचलो. आठही जणी हात धरून गोल फिरलो, कौसल्याची वेणी सुटली.

नाचणं संपायच्या आत शोभाताईनं मले हाक मारली. त्यायनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाच मी समजली.

"सुभद्रा, संध्याकाळी ध्वज तुमची टोळी उतरवेल. स्वयंपाक मोगरा करेल. मुख्य पाहुणे जयाचे वडील आहेत."

"बाई, नियम तुमचाच आहे. पहिली आली ती टोळी रांधते."

"नियम आहे, पण परिस्थितीही आहे ना."

"मंग परिस्थितीवरच शिजवा," मी म्हटलं. "लाकडं आमची आहेत."

तोंडातून निघून गेलं तेव्हा मलेच धक्का बसला. पण निघालं ते निघालं. मी गेली अन् ताडपत्री काढून लाकडांच्या ढिगावर जाऊन बसली. कौसल्या आली, तिच्या मागून बाकीच्या सहा. कौसल्या टोळीत सगळ्यात लहान. विचारून राहिली होती, की घरी कळलं तं काय वं, शाळेतून काढलं तं काय वं. मी म्हटलं, तुले उतरायचं असंल तं उतर, मी रागावणार नाही. ती म्हणाली, उतरायले कोण म्हणते, मी तं फक्त विचारून राहिली.

शोभाताई दोनदा आल्या. एकदा समजावलं, एकदा धमकावलं. गुण कापीन म्हणाल्या, घरी पाठवीन म्हणाल्या. मी म्हटलं, कापा. शेवटी त्यायनं मोगऱ्याच्या पोरींले नदीवर पिटाळलं, की जा, तुमचं तुम्ही जळण घेऊन या. चार दिवसांत एक काडी न वेचलेल्या पोरी त्या. मी कौसल्याले म्हटलं, पाह्य, आता ओला पळस घेऊन येतील अन् डोळे चोळत बसतील.

ओला पळस नाही आणला त्यायनं. अर्ध्या तासात नाचत आल्या. दोघी-दोघींत धरून चांगली जाड, जड, वाळलेली लाकडं. काहींची टोकं काळी. सोबत बांबूचे तुकडे, एकाले सुतळी अजून बांधलेली. जया माझ्याकडे पाहून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, की अर्धं जळलेलंच सापडलं, आपोआप पेटंल, कोणाच्या पाया पडायची गरज नाही.

मी तो सुतळीचा बांबू पाह्यला अन् ओळखला. बाबांची भाकर घेऊन मी टालीवर नेहमी जायची. घाटावर जाणारं लाकूड कसं कापतात, गाडीत कसं रचतात, वरून बांबू अन् सुतळी कशी ठेवतात, हे सगळं माझं डोळ्यांखालचं. आमराईच्या पलीकडे वळणावर खाप्याचा स्मशानघाट होता. जया बिचारीच्या घरच्या बाया कधी घाटावर जात नाहीत, तिले कुठून माहीत असणार. टालीच्या मालकाची पोरगी, अन् घरचाच धंदा तिले ओळखू नाही आला.

कौसल्यानं मले चिमटा काढला. सांगू का, म्हणाली. मी म्हटलं, थांब. खोटं कायले बोलू, मले मजा येऊन राहिली होती. आमच्या हातचं पाणी ज्यांले चालत नव्हतं, त्यायची चूल सरणाच्या लाकडावर पेटून राहिली होती. भाताचं आधण ठेवलं, मोगऱ्याच्या पोरी फुंकणीनं फुंकू लागल्या. पण मंग वाटलं, कोण्या तरी मेलेल्या माणसाचं लाकूड ते, त्याच्या घरच्यांनी रडत रचलेलं. मजा गेली. उठून सांगावं म्हून पाय खाली टाकला तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला.

गणपतरावांचा ट्रक. मागं वीस-पंचवीस पालक, पुढं ड्रायव्हरजवळ स्वतः गणपतराव, पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट. अन् सगळे उतरल्यावर सगळ्यात मागून माझे बाबा. तंबू उखडून ट्रकमध्ये भरायले मालकानं त्यायले सोबत आणलं होतं. शोभाताईची धमकी मी झेलली होती, शाळेतून काढलं असतं तं तेही झेललं असतं. पण बाबा म्हणाले असते की उतर, तं मले उतरावं लागलं असतं.

शोभाताई गणपतरावांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. त्यायनं आमच्याकडे पाह्यलं, हसले, अन् बाबांले हाक मारली.

"कवडू, तुही पोरगी हाय ना गा ते? उतरव तिले खाली, अन् ते लाकडं इकडे आण."

बारा वर्षांत बाबा त्या माणसापुढं "हव मालक" याच्यापलीकडे बोललेले मी ऐकले नव्हते. ते माझ्यापाशी आले. माझ्याकडे पाह्यलंच नाही. ढिगातलं एक लाकूड उचललं, दुसऱ्यावर मारलं. ठण्ण वाजलं. पऱ्हाट्यांच्या मोळ्या पाह्यल्या, जाड-बारीक वेगळं रचलेलं पाह्यलं. मंग विचारलं, कुठून आणलं. मी म्हटलं, नदीकाठानं, चार दिवस. तुम्हीच आणलं, आठ जणींनी? मी म्हटलं, हव बाबा.

त्यायनं लाकूड जागच्या जागी ठेवलं अन् वळले.

"मालक, टालीवरचं लाकूड तुमचं हाय. तुम्ही म्हणाल तिथं मी टाकतो. हे टालीवरचं नाही. हे ह्या पोरींचं हाय, त्यायलेच मागा."

गणपतरावांचं तोंड लाल झालं. असू दे, म्हणाले, आमच्या पोरींनी आणलं आहे, कोणाचे उपकार नाही पाहिजेत. अन् चुलीकडे बोट केलं. बाबांनी तिकडे पाह्यलं, दोन पावलं पुढं गेले, अन् खालच्या आवाजात, जणू टालीवर मापच सांगून राहिले असं बोलले.

"मालक, ते तं घाटावरचं हाय. तुमाले वळखता येते, तुम्हीच पाहा."

गणपतराव वाकले. सुतळी बांधलेला बांबू उचलला, अन् विंचू चावल्यासारखा फेकला. मंग कोणाले काही सांगावं लागलं नाही. एक बाई आपल्या पोरीले दंडाले धरून नदीकडे धावली, तिच्या मागून दुसरी, मंग सगळ्याच. भाताचं आधण कोणीतरी लवंडून दिलं. जया मधोमध उभी, हात पुढं धरून, हे हात आता ठेवू कुठं असं. तिले तिच्या बापानं सगळ्यांदेखत जे बोललं ते मी इथं सांगत नाही. त्या वेळी मले तिचा राग नव्हता, हे खरं.

शोभाताई माझ्यापुढं येऊन उभ्या राह्यल्या.

"सुभद्रा, लाकडं दे."

"देते ना बाई. चुलीपर्यंत मीच घेऊन येते. पण मंग चुलीपाशीच बसते."

त्यायनं माझ्याकडे पाह्यलं, गणपतरावांकडे पाह्यलं, घड्याळ पाह्यलं. मंग कमरेची कोठीची किल्ली काढली अन् माझ्या हातावर ठेवली. दोन वाजता पंगत बसली पाहिजे, म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात.

नदीवरचं पाणी आम्हीच आणलं. नवी चूल आम्हीच मांडली. अन् भात-बित नाही केला मी. कणीक जाडीभरडी होती, रानगोवऱ्या दोन पोती होत्या, म्हटलं, नागपूरची माणसं जेवायले बसून राहिली, रोडगे करते. गोवऱ्यांचा लाल निखारा पाडला, गोळे त्यात दाबले, बाजूच्या चुलीवर वांग्याची भाजी अन् वरण. कौसल्या राखेतून रोडगे काढून फडक्यात झटकून राहिली होती अन् वास असा सुटला की नदीवर हात धुवायले गेलेल्या बाया माना वळवून पाहू लागल्या. भूक कोणाले सोडते.

पंगत बसली. मधोमध गणपतराव, बाजूले जया. वाढायचा मान टोळीनायिकेचा, अन् पहिलं पान मुख्य पाहुण्याचं. मी परातीत रोडगे घेऊन निघाली. तिकडे बाबा तंबूच्या खुंट्या उपटून राहिले होते.

"बाबा, हात धुवा अन् बसा."

मी मागून खाईन, म्हणाले. मी म्हटलं, मागून नाही, आता बसा. माझा आवाज चढला असावा, कारण सगळ्यांनी वळून पाह्यलं. बाबांनी खुंटी खाली ठेवली, हात धुतले, पंचाले पुसले अन् पंगतीच्या टोकाले येऊन मांडी घातली. पहिला रोडगा मी त्यायच्या पानावर फोडला, वर तूप सोडलं.

गणपतराव उठले. त्यायच्यासोबत दहा-अकरा जण उठले अन् ट्रककडे गेले. जाता जाता त्यायनं जयाले हाक मारली. ती उठली, मले वाटलं गेली. ती बापाकडे न जाता पंगतीच्या टोकाले आली अन् माझ्या बाबांजवळच्या रिकाम्या पानावर बसली. रडून रडून डोळे सुजले होते.

"चार दिवसांत दोनदा माझ्याच हातचं जळकं-खारट खाल्लं," ती बापाकडे न पाहता म्हणाली. "आज तं जेवू द्या."

मी तिले दोन रोडगे वाढले. तूपही सोडलं. सगळ्यात शेवटी, सगळ्यांले वाढून झाल्यावर, शोभाताई पान घेऊन बसल्या. त्यायनंही दोन खाल्ले, अन् वांग्याची भाजी मागून घेतली.

बाबांनी तंबू ट्रकमध्ये भरले. शेवटची खुंटी आत पडली तेव्हा गणपतराव म्हणाले, कवडू, तू तुझ्या पोरीसोबत ये. अन् ट्रक गेला. शाळेच्या मोटारीत बसायले मी नकार दिला, बाबा अन् मी खाप्यापर्यंत चालत आलो अन् एस्टीनं नागपूरले. रस्त्यात ते एवढंच बोलले, की भाजीत तिखट थोडं जास्त होतं. दुसऱ्या दिवशी टालीवर गेले तं दुसराच माणूस कुऱ्हाड घेऊन उभा होता. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, अन् नवव्या दिवशी बोलली तं गणपतरावांले शिव्या द्यायले. चार महिने घरात ओढाताण झाली. मंग बाबा उमरेडच्या कोळशाच्या खाणीवर लागले अन् तिथूनच निवृत्त झाले.

फेब्रुवारीत शाळेत प्रमाणपत्रं वाटली. माझ्या प्रमाणपत्रावर शोभाताईच्या वळणदार अक्षरात होतं, स्वयंपाक प्रथम, स्वच्छता प्रथम, सरपण प्रथम. अन् खाली, शिस्त असमाधानकारक. मी ते घडी करून दप्तराच्या तळाशी दाबलं. पण बाबांनी संध्याकाळी काम शोधून घरी आल्यावर विचारलंच, की कागद भेटला म्हणे तुले, वाच. त्यायले वाचता येत नव्हतं. मी वरचं वाचलं अन् थांबली. ते म्हणाले, खाली अजून लिहिलेलं दिसते, तेही वाच. मी वाचलं.

"असमाधानकारक म्हणजे काय गं पोरी?"

"म्हणजे, माझ्या वागण्यानं त्यायचं समाधान नाही झालं."

बाबांनी कागद हातात घेतला. खुंटीवरचा सदरा काढला, खुंटी हलवून पाह्यली, अन् भिंतीवर दुसरी जागा शोधू लागले.

"दारासमोर लावतो," ते म्हणाले. "येणाऱ्याले पहिले तेच दिसलं पाहिजे."